भरती : एक शब्द, एक व्यवहार आणि विद्यार्थ्यांचा सल्ला

खारदांड्याच्या कोळीवाड्यात ‘भरती केव्हा आहे?’ असे कोणी विचारले तर उत्तर तिथीवरून मिळते. तेथून अर्ध्या कोसावरील एखाद्या कार्यालयात तोच प्रश्न विचारला तर उत्तर जाहिरातीतील तारखेवरून मिळते. दोन्ही अर्थ ‘भरणे’ या एकाच धातूचे. समुद्र खाडीत भरतो ती भरती, आणि रिकाम्या जागा माणसांनी भरतात तीही भरती. खुद्द या गावाच्या नावातील ‘खार’ हा शब्द कोकणच्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी चढून क्षारयुक्त झालेल्या जमिनीला लावतात. मराठी समीक्षेने या शब्दाला तिसराही एक अर्थ दिला आहे. वृत्त पुरे करण्यासाठी कवी जे निरर्थक शब्द घालतो त्यांना ‘भरतीचे शब्द’ म्हणतात. नोकरभरती सुधारण्यासाठी विद्यार्थ्यांनी संस्थांना दिलेल्या सल्ल्याचा विचार करताना हे तिन्ही अर्थ हाताशी असलेले बरे. कारण अशा सल्ल्याच्या अहवालांत पहिल्या अर्थाचे भान क्वचित आढळते, दुसऱ्याचा उच्चार पानोपानी असतो, आणि तिसऱ्याचे उदाहरण अहवाल स्वतःच पुरवितो.

हा प्रश्न आता केवळ व्यवस्थापनशास्त्राच्या विभागांचा राहिलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अनुरोधाने महाराष्ट्रातील विद्यापीठांत २०२३-२४ पासून जो पदव्युत्तर आराखडा आला, त्यात कार्यस्थळावरील प्रशिक्षण अथवा क्षेत्र-प्रकल्प यांना चार श्रेयांकांचे स्थान देण्यात आले. भाषा, अर्थशास्त्र, समाजशास्त्र अशा सर्व शाखांच्या विद्यार्थ्याला एखाद्या संस्थेच्या दाराशी जाऊन ‘तुमचे काय अडले आहे?’ असे विचारण्याचा प्रसंग त्यामुळे येतो. संस्थांचे जे अडलेले असते त्यात ‘योग्य माणसे मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत’ ही तक्रार बहुधा अग्रभागी असते. मग विद्यार्थी प्रश्नावली तयार करतो, दहा-वीस जणांच्या मुलाखती घेतो, आणि कामाचे वर्णन लिहून काढावे, जाहिरात विस्तृत करावी, मुलाखत साचेबद्ध करावी, उमेदवारांना गुण द्यावेत, ओळखीपाळखीने नेमणूक करू नये, अशा सूचना करून अहवाल सादर करतो. या सूचना चुकीच्या आहेत असे मुळीच नाही. त्या कोठे लागू पडतात आणि कोठे नुसत्या भरतीच्या ठरतात, हे तपासले पाहिजे.

त्यासाठी आरंभी एक इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. नोकरभरतीची सुधारणा हा विषय मुंबईला नवा नाही. किंबहुना या शहराइतका दीर्घ अनुभव देशात क्वचितच दुसऱ्या शहराला असेल. कापडगिरण्यांतील माणसे जॉबर किंवा मुकादम लावीत असे. माणूस लावण्याबद्दल तो दस्तुरी घेई, आणि तीच ठेवण्याबद्दलही घेई. १९३१ साली अहवाल देणाऱ्या रॉयल कमिशनने या पद्धतीवर कठोर टीका केली आणि नेमणुकीचा अधिकार जॉबरकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावा असे सुचविले. १९३४ मध्ये सरकारी कामगार अधिकाऱ्याचे पद निर्माण झाले. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांसाठी योजना आखली. महिन्याच्या आरंभी ठरावीक बदलीवाल्यांना पत्रके द्यावयाची, त्यांनी रोज सकाळी हजर व्हावयाचे, आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरावयाच्या, असे तिचे स्वरूप होते. पुढे १९५० साली गिरणीकामगारांच्या नोंदणीची सरकारी योजना सुरू झाली. नागपाड्यातील सेवाकेंद्राचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या प्रेरणेने १९३६ साली सर दोराबजी टाटा पदव्युत्तर समाजकार्य विद्यालय स्थापन झाले होते. त्याचेच १९४४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था असे नामांतर झाले व १९५४ मध्ये ते देवनारला गेले. विद्यार्थ्याने वर्गाबाहेर जाऊन संस्थांतील व वस्त्यांतील प्रत्यक्ष काम करावे, या कल्पनेला मुंबईत शिस्तबद्ध रूप येथे मिळाले. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे व अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले, तेव्हा अशा शिक्षणाला निश्चित उपयोगही लाभला.

या सर्व सुधारणांनंतर जॉबर नाहीसा झाला काय? तो तत्काळ नाहीसा झाला नाही. याची कारणे इतिहासकारांनी शोधली आहेत. मॉरिस डेव्हिड मॉरिस यांचा १९६५ चा ग्रंथ आणि राजनारायण चंदावरकर यांचा १९९४ चा ग्रंथ यांची भूमिका अनेक बाबतींत परस्परविरुद्ध आहे. चंदावरकरांनी एक गोष्ट विशेष स्पष्ट केली : जॉबरचे सामर्थ्य गिरणीच्या फाटकाआड जन्मलेले नव्हते. ते वस्तीत, खानावळीत, उधारीच्या वहीत आणि गावच्या नात्यात रुजलेले होते, आणि त्याच नात्यांनी त्याला मर्यादाही घातल्या होत्या. भरती हे त्याचे एकमेव काम नव्हते. खोली मिळवून देणे, पैसे उसने देणे, भांडण मिटविणे ही कामे त्याच्याकडून काढून घेणारा कोणी कामगार अधिकारी नव्हता. ‘मध्यस्थ दूर करावा’ असे एका ओळीत लिहिणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला हा इतिहास कोणी शिकविलेला नसतो. हा दोष विद्यार्थ्याचा म्हणता येत नाही. मार्गदर्शकाचा मात्र म्हणावा लागेल.

आता खारदांड्याकडे वळू. मुंबईच्या कोळीवाड्यांतील यांत्रिक नौकांना घरची माणसे पुरेनाशी झाल्याला बराच काळ लोटला. कोळ्यांची मुले शिकली, नोकऱ्यांत गेली; त्यांच्या जागी परप्रांतांतून, काही ठिकाणी नेपाळातूनही, खलाशी येऊ लागले. नौकेचा मालक नाखवा, नौका चालविणारा तांडेल, आणि हाताखालचे खलाशी अशी ही रचना आहे. ‘नाखवा’ हा फारसी ‘नाखुदा’चा अवतार, ‘तांडेल’ दक्षिणेकडून आलेला, ‘खलाशी’ अरबी वळणाचा. एका लहानशा नौकेवरील तीन पदांत अरबी समुद्राचा सगळा किनारा येऊन बसला आहे. एखाद्या विद्यार्थ्याने अशा नौकामालकांच्या सहकारी संस्थेला खलाशांच्या नेमणुकीबाबत सल्ला द्यावयाचे ठरविले, तर त्याची गाठ कशाशी पडेल, याचा विचार करून पाहण्यासारखा आहे.

पहिली अडचण पंचांगाची आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पावसाळी मासेमारीबंदीचा काळ १ जून ते ३१ जुलै असा ठरविण्यात आला आहे. नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, हिशेब पुरे होतात, आणि बाहेरगावचा खलाशी आपल्या घरी जातो. विद्यापीठाचा विद्यार्थी प्रकल्पासाठी मोकळा होतो तो मे-जूनमध्ये. तो कोळीवाड्यात पोहोचतो तेव्हा मालक भेटतो, संस्थेचा चिटणीस भेटतो, जाळे विणीत बसलेला म्हातारा भेटतो. ज्याच्या नेमणुकीविषयी अहवाल लिहावयाचा तो भेटत नाही. नव्या हंगामाची माणसे जुळविण्याची खरी धावपळ जुलै-ऑगस्टमध्ये चालते, आणि त्या वेळी विद्यार्थ्याचे नवे सत्र सुरू झालेले असते. ओहोटीत उभे राहून भरतीचे मोजमाप करावे, तसा हा प्रकार होतो. अहवालाच्या ‘मर्यादा’ या प्रकरणात नमुना लहान असल्याचा उल्लेख ठेवणीतल्या वाक्यासारखा असतो. परंतु एक संपूर्ण पक्षच अनुपस्थित होता, ही गोष्ट लहान नमुन्याच्या सदरात मावणारी नाही.

दुसरी अडचण कामाच्या मोजमापाची. कार्यालयातील पदाला रोजचे आठ तास असतात. मुंबईच्या किनाऱ्यावर डोल-जाळ्याने जी मासेमारी चालते तिचे तास पाणी ठरविते. हे जाळे प्रवाहाच्या तोंडी मांडलेले असते. पाण्याला ओढ असेल तर मासळी त्यात शिरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जबर, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाला मंद. शिवाय भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ‘कामाचे वर्णन’ या तक्त्यात ‘कामाची वेळ’ असा रकाना असतो. त्यात काय लिहावे? विद्यार्थ्याने ‘अनियमित’ असे लिहिले तर ते सरळ चूक ठरेल, कारण इतके नियमित वेळापत्रक कोणत्याही कार्यालयाजवळ नाही.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि सर्वांत गंभीर तीच आहे. हंगामापूर्वी खलाशाला उचल दिली जाते. उचल घेऊन माणूस आला नाही किंवा मध्येच निघून गेला, तर मालकाचे नुकसान होते. हंगाम ऐन भरात असता नौका धक्क्याला बांधून ठेवावी लागते. ही मालकांची तक्रार खोटी नाही. परंतु या एकाच घटनेला किती नावे आहेत पाहावे. मालक म्हणतो, ‘खलाशी पळाला’. अहवाल म्हणतो, ‘मनुष्यबळाची गळती’. गेलेला माणूस इतकेच म्हणेल की तो घरी गेला. ‘पळणे’ या क्रियापदात बंधन गृहीत धरलेले आहे, कारण जो बांधलेला नाही त्याला पळावे लागत नाही. ‘गळती’त कर्ताच नाही, छिद्रातून पाणी जावे तशी माणसे जातात, आणि छिद्र कोणी पाडले हा प्रश्न उरत नाही. विद्यार्थ्याने मालकाचा शब्द टाळला हे ठीक झाले, पण त्याऐवजी घेतलेल्या शब्दाने वस्तुस्थिती अधिकच झाकली गेली. उचलीच्या बदल्यात माणसाचे काम सोडण्याचे स्वातंत्र्य गहाण पडत असेल, तर १९७६ चा वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा तेथे उभा राहतो. उचल म्हणजे सर्वत्र वेठबिगारी, असा याचा अर्थ नव्हे; पुष्कळदा ती गरजू कुटुंबाला पावसाळा काढण्यास मिळालेली मदतच असते. नेमके काय आहे हे खलाशाला विचारल्यावाचून कळणार नाही, आणि तो तर त्या वेळी गावी असतो.

एक बाब जाता जाता. कोळी समाजात मासळीची विक्री आणि पैशाचा व्यवहार प्रायः स्त्रीच्या हाती असतो. ‘मालक’ या रकान्यापुढे पुरुषाचे नाव लिहून प्रश्नावली भरून घेणारा विद्यार्थी हिशेबाच्या खऱ्या जाणकाराला न भेटताच परत येण्याचा संभव असतो.

हे सर्व सांगितल्यावर सल्ल्याच्या बाजूनेही न्याय केला पाहिजे. साचेबद्ध मुलाखतीचा पुरस्कार हा पोकळ नव्हे. श्मिट व हंटर यांनी १९९८ मध्ये पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचे जे एकत्रीकरण केले, त्यात साचेबद्ध मुलाखतीच्या भाकितक्षमतेचा गुणांक ०.५१ आणि स्वैर मुलाखतीचा ०.३८ निघाला, केवळ अनुभवाच्या वर्षांचा गुणांक ०.१८ इतकाच होता. सॅकेट व त्यांचे सहकारी यांनी २०२२ मध्ये या गणिताची फेरतपासणी केली, तेव्हा बहुतेक आकडे खाली आले. परंतु साचेबद्ध मुलाखत ०.४२ वर राहून पहिल्या क्रमांकावर आली. तेव्हा सर्वांना तेच प्रश्न विचारा, उत्तरांचे निकष आधी ठरवा, हा उपदेश पुराव्यावर उभा आहे. त्याचबरोबर ओळखीने माणूस घेणे हे मागासलेपणाचे लक्षण आहे, हा समज पुराव्यावर उभा नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेतील न्यूटन या गावच्या व्यावसायिक व व्यवस्थापक वर्गातील माणसांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील निम्म्याहून अधिक, सुमारे ५६ टक्के, लोकांना नोकरी वैयक्तिक ओळखीतूनच लागली होती. खलाशी ज्याच्या भरवशावर समुद्रात जातो तो तांडेल माणसाची पारख ओळखीवरून करीत असेल, तर त्यामागे जिवाचा हिशेब असतो. ओळख वापरली म्हणून आक्षेप घेण्यात अर्थ नाही. त्या ओळखीच्या वर्तुळाबाहेरच्यांना दार बंद राहते काय, आणि आतल्यांवर तिचे ओझे पडते काय, हे विचारले पाहिजे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने बोलावे असे खरे स्थळ येथून पुढे आहे. मुलाखत साचेबद्ध केली म्हणजे ती निःपक्षपाती झाली, असे मानले जाते. प्रश्न सर्वांना समान असले तरी उत्तर कोणत्या आकाराचे असावे, याची अपेक्षा सर्वांना समान ठाऊक नसते. जॉन गंपर्झ यांचे नाव मराठीच्या अभ्यासकांना सांगली जिल्ह्यातील कुपवाडमुळे परिचित आहे. मराठी, कन्नड आणि उर्दू या भाषा तेथे शतकानुशतकांच्या सहवासाने व्याकरणात एकमेकींजवळ कशा आल्या, ते त्यांनी रॉबर्ट विल्सन यांच्यासह १९७१ मध्ये दाखविले. त्याच गंपर्झांनी पुढे इंग्लंडमध्ये नोकरीच्या मुलाखतींकडे लक्ष वळविले. १९८२ च्या त्यांच्या ग्रंथातील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एका ब्रिटिश विमानतळावरील उपाहारगृहात वाढप करणाऱ्या भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया ‘ग्रेव्ही’ हा एकच शब्द उतरत्या सुरात उच्चारीत. इंग्रज गिऱ्हाइकाला तो उद्धटपणा वाटे, कारण तेथे तो चढत्या सुरात, विचारणा म्हणून, उच्चारण्याची रीत होती. दोन्ही पक्षांचा हेतू निर्मळ असताना केवळ सुरावरून माणसाची पारख झाली होती. सीलिया रॉबर्ट्स यांनी त्यानंतरच्या दोन दशकांत ब्रिटनमधील प्रत्यक्ष मुलाखतींचे ध्वनिमुद्रण तपासून असा निष्कर्ष काढला की, साचेबद्ध मुलाखतीलाही विशिष्ट घडणीची आत्मकथा अपेक्षित असते, आणि ती घडण ज्याला ठाऊक नाही त्याला भाषिक दंड भरावा लागतो.

हा दंड खारदांड्याच्या तरुणालाही चुकत नसावा. त्याची बोली ‘ळ’च्या जागी ‘ल’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ वापरणारी. ‘डोळा’चा ‘डोला’ आणि ‘पाणी’चे ‘पानी’ करणारी. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) कोळी बोलीला स्वतंत्र स्थान आहे. शहरातल्या मुलाखतीच्या खोलीत मात्र ती ‘अशुद्ध’ या एका शब्दात निकालात निघते. उच्चाराहूनही सूक्ष्म अडथळा सर्वनामाचा आहे. नौकेवरचे काम एकट्याचे नसते, म्हणून तेथे वाढलेला मुलगा ‘आम्ही जाळं ओढतो’ असेच बोलणार. साचेबद्ध मुलाखत विचारते, ‘तुम्ही स्वतः काय केले?’ जेथे ‘मी’ला गुण आहेत तेथे ‘आम्ही’ हे उत्तर निकामी ठरते. जबाबदारी टाळणारा, नेतृत्व नसलेला, असा शेरा त्याच्या नावापुढे पडू शकतो. वस्तुतः त्याने आपल्या कामाचे यथातथ्य वर्णन केलेले असते. विद्यार्थ्याने निकषांच्या तक्त्यात ‘संवादकौशल्य’ या सदराला दहापैकी गुण ठेवले असतील, तर कोणाचा संवाद कोणाशी, हे लिहिणे त्याचे पहिले कर्तव्य ठरते. कामाला लागणारी भाषा आणि मुलाखतीला लागणारी भाषा या दोन वेगळ्या आहेत काय, एवढा एक प्रश्न प्रत्येक अहवालात असता तर पुष्कळ काम झाले असते.

आपल्या भाषेतील भरतीचा शब्दसंग्रह तपासला तरी बरेच उकलते. ‘उमेदवार’ म्हणजे आशेवर असलेला. जुन्या कचेऱ्यांत जागा मिळेल या आशेने बिनपगारी राबणे म्हणजे ‘उमेदवारी करणे’. ‘मुलाखत’ म्हणजे मुळात नुसती भेट. ‘वशिला’ म्हणजे साधन. ‘शिफारस’ म्हणजे कोणासाठी केलेली रदबदली. शासनव्यवहाराने पुढे ‘नियुक्ती’, ‘सेवाप्रवेश’ असे संस्कृत वळणाचे शब्द आणले, परंतु भेट, आशा, साधन आणि रदबदली यांचा जुना संसार त्या नव्या पाट्यांमागे चालूच राहिला. मौज अशी की, वशिला आणि शिफारस यांवर टीका करणाऱ्या अहवालाचे शेवटचे प्रकरण ‘शिफारशी’ या नावाचेच असते. त्या शिफारशींचे व्याकरणही पाहण्यासारखे आहे. ‘जाहिरात देण्यात यावी’, ‘तपासणी करण्यात यावी’, ‘प्रशिक्षण देण्यात यावे’. कोणी? चिटणिसाने, तांडेलाने, की संस्थेच्या सभेने? कर्मणी प्रयोगाच्या या आडोशात कर्ता दडतो, आणि कर्ता दडला की खर्चही दडतो. ‘अमुक काम चिटणिसाने जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात करावे, त्याला दोन दिवस लागतील’ असे लिहावयाचे ठरविले, तर निम्म्या शिफारशी लिहिणाऱ्याच्याच हातून गळून पडतील. उरतील त्या उपयोगाच्या असतील.

त्यांपैकी एक शिफारस तरी विद्यार्थ्याला निःशंकपणे करता येईल. मासेमारीतील कामाविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००७ मध्ये जो १८८ क्रमांकाचा करार संमत केला आणि जो २०१७ मध्ये अमलात आला, त्याच्या सोळाव्या कलमात मच्छिमाराशी होणारा कामाचा करार त्याला समजेल असा असावा, असे म्हटले आहे. बाविसाव्या कलमात नेमणुकीबद्दल त्याच्याकडून शुल्क घेण्यास मनाई आहे. दस्तुरी घेणाऱ्या जॉबरचा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला दुसऱ्या कलमाचे मोल सांगावयास नको. पहिले कलम मात्र भाषेच्या विद्यार्थ्याच्या वाट्याचे आहे. खारदांड्याच्या नौकेवर येणाऱ्या खलाशाला समजेल असा कागद कोणत्या भाषेत असेल? मराठीत लिहिला तर तो नाखव्याला समजेल. हिंदीत लिहिला तर काहींना वाचता येईल, काहींना ऐकूनच समजेल. ज्याची मातृभाषा नेपाळी किंवा भोजपुरी आहे त्याला ‘वाटा’, ‘उचल’, ‘तोड’ या शब्दांचा किनाऱ्यावरचा अर्थ कोणीतरी सांगावा लागेल. वाटा कोणत्या खर्चाच्या वजावटीनंतरचा? उचल किती हप्त्यांत फिटावयाची? भांगाच्या दिवसांत जेवण कोणाचे? मध्येच आजारी पडला तर? दहा-बारा वाक्यांचा हा कागद आहे. तो तयार करून तांडेलाकडून मोठ्याने वाचवून घ्यावा, ऐकणाऱ्याला त्याच्याच शब्दांत परत सांगावयास लावावे, जेथे सांगणे अडखळेल तेथे वाक्य बदलावे, आणि हे सारे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापूर्वी, नौका पाण्यात जाण्याच्या आत उरकावे. चार श्रेयांकांना पुरेल एवढे हे काम आहे. त्यासाठी प्रकल्पाची मुदत मात्र मे-जूनमधून काढून जुलैअखेरीस न्यावी लागेल, आणि ते विद्यार्थ्याच्या नव्हे, अभ्यासमंडळाच्या हाती आहे.